वजाबाकी कुणाच्या पगारातून?

आमच्या फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक कागद असतो. दर रविवारी रात्री तो बदलतो. वर नवऱ्याची पाळी लिहिलेली असते: पहिली, दुसरी, नाहीतर रात्रपाळी. खाली आमच्या अडीच वर्षांच्या लेकीचा दिवस. पहिल्या पाळीचा आठवडा असला की सात ते चार तिला सांभाळणाऱ्या मावशी, चार ते आठ बाबा, आठला आई. रात्रपाळी असली की सात ते दोन मावशी, कारण सकाळी आठला घरी आलेल्या माणसाला झोपायला हवं; दोन ते आठ बाबा. दुसऱ्या पाळीत तो दोन वाजेपर्यंत घरी असतो. मग तो मोटरसायकलवरून खोपोलीला जातो आणि लेक मावशींकडे. मावशी साडेसातपर्यंत सांभाळतात. त्यानंतर त्यांच्या चुलीवर त्यांच्या घरचा स्वयंपाक चढतो, दोन मुलगे कामावरून येतात. मी घरी पोचते आठला. त्यामुळे दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ‘साडेसात ते आठ’ या ओळीपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह असतं. कधी तिथे खालच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीचं नाव येतं, कधी समोरच्या आजींचं.

तो अर्धा तास म्हणजे कर्जतची एक लोकल. संध्याकाळी ठाण्याला माझी गाडी चुकली की पुढची अर्ध्या तासानं, कधी त्याहून उशिरा.

आम्ही भिवपुरी रोड स्टेशनजवळ राहतो. नेरळ आणि कर्जत यांच्या मधलं हे स्टेशन. पावसाळ्यात मुंबईची मुलं धबधब्यासाठी इथे उतरतात, तेवढीच बऱ्याच जणांची ओळख. भिवपुरीचं नाव त्याआधी वीजघरामुळे झालं. टाटांनी घाटावर ठोकरवाडीला धरण बांधून आंध्रा नदीचं पाणी अडवलं, ते नळांमधून खाली कोकणात सोडलं आणि 1922 पासून इथे वीज तयार होऊ लागली, मुंबईसाठी. जनित्रं फिरवून झालेलं पाणी पुढे राजनाल्यात जातं आणि कर्जत तालुक्यात उन्हाळी भात पिकवतं. ही माहिती मी उगाच देत नाही. त्या उन्हाळी भाताचा आमच्या फ्रिजवरच्या कागदाशी थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

माझी नोकरी ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. एका खासगी कंपनीत हिशेब खात्यात. घर ते ऑफिस साधारण साठ किलोमीटर. सकाळी सातला दार ओढून घेते, रात्री आठला उघडते. तेरा तास. नवरा खोपोलीच्या कारखान्यात देखभाल विभागात आहे. ठाण्यात घर घेणं आम्हांला जमण्यासारखं नव्हतं. इथे जमलं, महिना 16,000 रुपये हप्त्यावर.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत आम्ही पोलादपूरजवळ सासरच्या गावी गेलो होतो. लेक सात-आठ महिन्यांची होती, मी नुकतीच कामावर रुजू झाले होते. आरती झाल्यावर ओटीवर गप्पा सुरू होत्या आणि एका नातेवाइकांनी माझा हिशेब मांडला. अगदी मायेनं मांडला, हेही सांगते. हातात येतात चोवीस हजार. त्यातून पोर सांभाळायचे साडेचार गेले. पास, रिक्षा, डबा, ऑफिसला जायचे कपडे, आठवड्यातून दोनदा दमून बाहेरून आणलेलं जेवण. मध्येच पोर आजारी पडली की बिनपगारी रजा. ‘मग उरलं काय? एवढ्यासाठी त्या लेकराला दुसऱ्याच्या दारात ठेवायचं?’

मी गप्प बसले, कारण आकडे बरोबर होते. मी स्वतः हिशेब खात्यात काम करते. बेरीज-वजाबाकी चुकली असती तर लगेच बोलले असते. घाटातून परत येताना एसटीत लेक मांडीवर झोपली होती, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की चूक आकड्यांत नव्हती. मांडणीत होती. नवऱ्याच्या एकोणतीस हजारांना कुणी हातच लावला नव्हता. लेक दोघांची, घर दोघांचं, हप्ता दोघांच्या नावावर. सांभाळण्याचा खर्च मात्र माझ्या एकटीच्या पगारातून वजा. त्याच्या पगारातून वजा केला असता तर ‘मग हा खोपोलीला जातो कशाला’ असं कुणी विचारलं नसतं.

त्या वजाबाकीत अजून एक गोष्ट येत नाही. आज उरणारे पैसे म्हणजे पूर्ण मिळकत नव्हे. माझ्या पगारातून भविष्य निर्वाह निधीत 12 टक्के जातात, तेवढंच कंपनी घालते. माझी नोकरी चार वर्षांची झाली होती. ग्रॅच्युइटीला सलग पाच लागतात. मी तेव्हा सोडली असती तर ते हक्काचे पैसे गेले असते, आणि पाच-सहा वर्षांनी परत आले असते तर नव्या मुलीच्या पगारावर, तेही कुणी घेतलं तर. क्लॉडिया गोल्डिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंना 2023 चं नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या कामासाठी. दोनशे वर्षांच्या नोंदी उकरून त्यांनी दाखवलं की स्त्री आणि पुरुष यांचं शिक्षण, कामाचा प्रकार सारखा असला तरी पहिलं मूल झालं की दोघांच्या कमाईच्या वाटा फुटतात, आणि मग ते अंतर सहसा भरून येत नाही. हे वाचताना मला आमची ओटी आठवली.

बाळंतपणाच्या रजेबद्दल आता बहुतेकींना माहीत असतं. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेलं असलं की हक्क मिळतो. मला ती रजा पूर्ण मिळाली. त्याच दुरुस्तीत दुसरी एक तरतूद आहे, तिची चर्चा कमी होते: 50 किंवा त्याहून जास्त माणसं जिथे कामाला आहेत तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाऊ द्यायला हवं. आमच्या ऑफिसात माणसं 34. पन्नासच्या खालच्या आस्थापनेत काम करणाऱ्या आईनं काय करायचं, यावर कायदा काही बोलत नाही.

मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या द्यायच्या, असाही नियम आहे. चांगली तरतूद आहे. पण माझं बाळ साठ किलोमीटरवर होतं. रुजू झाल्यावर पहिले दोन महिने अकराच्या सुमाराला छाती दगडासारखी व्हायची. दूध काढायला आडोसा म्हणजे स्वच्छतागृह. तिथे उभं राहून काढलेलं दूध बेसिनमध्ये ओतून द्यायचं, कारण ते ठेवायचं कुठे आणि नेणार कसं? संध्याकाळी कल्याण सुटलं की ब्लाऊज ओला व्हायला लागायचा. मी ओढणी घट्ट लपेटून बसायचे. समोरच्या सीटवरची कर्जतची एक नर्स एकदा काहीही न बोलता उठली आणि मला खिडकीची जागा दिली. तोंड बाहेर करून बसता यावं म्हणून.

रजेचे शेवटचे दोन महिने मी जागा शोधण्यात घालवले. ऑफिसजवळच्या एका पाळणाघरात महिना 11,000 सांगितले, आणि ते परवडलं असतं तरी सहा महिन्यांच्या बाळाला रोज लोकलच्या गर्दीतून नेणं-आणणं मला शक्य नव्हतं. इथे जवळच्या एका इमारतीत एका बाईंनी दोन खोल्यांत पाळणाघर काढलं होतं, पण ते नऊला उघडून सहाला बंद व्हायचं. ज्यांची नोकरी कर्जत-नेरळलाच आहे त्यांच्यासाठी ते ठीक. इथून रोज ठाण्याकडे, मुंबईकडे निघणाऱ्या आईबापांना त्याचा उपयोग नाही. शेवटी आमच्या दूधवाल्यानं मावशींचं नाव सांगितलं.

मावशींचं घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर, गावठाणात. पुढे सारवलेलं अंगण, पडवीत एक झोळी, आत फरशी. वय पंचावन्नच्या आसपास. स्वतःची तीन मुलं वाढवली, एक नातू आहे. आमच्या लेकीबरोबर त्या आणखी तीन मुलं सांभाळतात: एका शिक्षिकेचा मुलगा आणि एका परिचारिकेची जुळी. पहिल्या दिवशी मी डायपर, बाटल्या, औषधं, फोन नंबरांची यादी असं सगळं घेऊन गेले. त्यांनी यादी घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवली आणि म्हणाल्या, ‘ताई, पोरगीला काय आवडतं ते सांग. बाकी आपण बघू.’ काय आवडतं ते मला सांगता आलं. पाठीवर थोपटलं की झोपते, कपाळावर नाही. त्यांनी मान डोलावली. आजतागायत त्या पाठीवरच थोपटतात.

त्यांच्याकडे ना पाटी आहे, ना नोंदणी, ना पावती. सुट्टी घेतली तर त्यांना कुणी भरपगारी देत नाही. आम्ही तिन्ही घरांनी ठरवलं म्हणून आता वर्षाला पंधरा दिवसांचे पैसे कापत नाही. कंबर दुखते म्हणून त्या खाली बसूनच जेवू घालतात. मी एकदा कागदावर हिशेब केला. तीन आठवड्यांच्या पाळ्या धरून आमची लेक त्यांच्याकडे आठवड्याला सरासरी 43 तास असते, म्हणजे महिन्याला 186. साडेचार हजारांना त्यानं भागलं तर तासाला 24 रुपये. स्टेशनबाहेर एक वडापाव आणि कटिंग चहा घेतला तर त्याहून जास्त होतात. मला त्या रात्री झोप लागली नाही. माझा पगार पुरत नाही म्हणून मी रडत होते आणि माझी नोकरी ज्या बाईच्या खांद्यावर उभी होती तिला मी तासाला चोवीस रुपये देत होते.

सांभाळण्याच्या कामाची किंमत इतकी कमी का, याचं एक उत्तर असं की ते बहुतेक घरांत फुकटच होत आलं आहे. सरकारनं 2019 साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात, असं त्यात निघालं. जे थोडे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी 97 मिनिटं. जे काम एका बाईनं घरात पाच तास फुकट केलं, तेच दुसरीनं पैसे घेऊन केलं की आपल्याला ते महाग वाटतं.

आता उन्हाळी भाताचं सांगते. मावशींची एकरभर जमीन राजनाल्याच्या पाण्यावर आहे. मे महिन्यात त्यांची कापणी येते, तेव्हा आठ-दहा दिवस त्या मुलं घेत नाहीत. आमचा हक्काचा दुसरा आधार म्हणजे सासूबाई, त्यांचं पंचांगही भाताचंच, पण पावसाळी. लावणी जुलैत, कापणी ऑक्टोबरात, मळणी उरकून दिवाळीनंतर त्या आमच्याकडे येतात आणि शिमगा झाला की राब भाजायला परत जातात. ‘आजी आहे ना घरात’ असं शहरातली माणसं सहज म्हणतात. आमच्या आजीला स्वतःचं शेत आहे, दोन म्हशी आहेत, आणि त्यांच्या कामाला मी माझ्या कामापेक्षा हलकं का समजू? त्या आल्या की घर उजळतं. पण जून ते ऑक्टोबर त्या नसतात, आणि आमच्या लाइनीला सगळ्यांत जास्त गरज तेव्हाच असते.

कारण पाऊस. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ हा सगळा पट्टा उल्हास नदीच्या काठानं जातो. 26 जुलै 2005 च्या पुराची आठवण इथले जुने लोक आजही काढतात. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. तेव्हा आम्हांला मूल नव्हतं; मी ते टीव्हीवर पाहिलं. गेल्या वर्षी जुलैत मात्र मी स्वतः गाडीत होते. बदलापूरला गाडी थांबली ती थांबलीच. नवरा दुसऱ्या पाळीला. साडेसात वाजले, आठ वाजले. मी मावशींना फोन केला, फोन बंद. खालच्या मुलीला केला, तीही कुठे तरी अडकलेली. डब्यात प्रत्येकीच्या हातात फोन होता आणि जी ती तेच विचारत होती: ‘पोरं कुणाकडे आहेत? जेवली का?’ एकीनं तिच्या सात वर्षांच्या मुलाला फोनवरून कुकरची शिट्टी कशी काढून ठेवायची ते सांगितलं आणि मग ती तोंडावर पदर घेऊन बसली.

गाडी साडेदहाला हलली. पावणेबाराला मी गुडघाभर चिखलातून मावशींच्या दारात पोचले. वीज गेलेली. पडवीत कंदील होता आणि लेक त्यांच्या नातवाच्या शेजारी गोधडीत झोपली होती. मला शब्द सुचेनात. मावशी म्हणाल्या, ‘अगो, तुझा फोन येत नव्हता म्हणजे गाडी अडकली, एवढं आम्हाला कळतं. भात खाल्लंय तिनं. तू जेव आता.’ आणि ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी मी जास्तीच्या तासांचे पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. मी नंतर महिन्याच्या पैशांत गुपचूप घातले, ते त्यांनी मोजले आणि परत केले. माया होती म्हणून त्या रात्री माझी लेक सुरक्षित राहिली, हे खरं. पण एखाद्या बाईची माया हीच आपली सगळी व्यवस्था असावी, हे मला मान्य नाही.

अंगणवाडी आहे ना, असं पुष्कळदा विचारलं जातं. आहे, आणि आमच्या सेविका फार मनापासून काम करतात. पण 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेली ही योजना पोषण, लसीकरण आणि पूर्वशिक्षण यांसाठी आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास तिथे बसतात, खातात, गाणी म्हणतात. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो. सांभाळणं हे तिचं काम नाही.

खरं तर आपल्याच मुलखात ही सांगड फार आधी घातली गेली होती. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम खेड्यात नेलं. पुढे 1957 मध्ये अनुताई वाघ यांच्यासह ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुली शाळेत येत नाहीत, कारण धाकटं भावंड त्यांच्या कडेवर असतं, हे तिथे दिसत होतं. मग विकासवाडी उभी राहिली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. ताईनं वर्गात बसायचं, बाळानं शेजारच्या पाळण्यात. अंगणवाडी हा शब्दही त्याच कामातून आला. शब्द देशभर पोचला, पाळणा मागे राहिला. आता 2022 पासून ‘मिशन शक्ती’खाली ‘पाळणा’ नावाची केंद्राची योजना आहे. 17,000 अंगणवाड्यांना पाळणाघर जोडायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. महिन्याला 26 दिवस, रोज साडेसात तास. आमच्या गावात ते सुरू झालं तर मी पहिल्या दिवशी नाव घालीन. पण मी घराबाहेर असते तेरा तास. उरलेले साडेपाच तास लोकलच्या वेळापत्रकाकडे बघून कुणी तरी आखायला हवेत.

आणि कायद्यानं मोजलं कुणाला, तेही पाहा. 1948 च्या कारखाना कायद्यात पाळणाघराचं कलम होतं. पूर्वी 50 हून जास्त स्त्री कामगार असल्या तर ते लागू व्हायचं, 1976 पासून 30 हून जास्त. स्त्री कामगार. माझ्या नवऱ्याच्या कारखान्यात शेकडो बाप आहेत आणि बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून त्या कलमाखाली तिथे पाळणाघर लागत नव्हतं. लेक अकरा महिन्यांची असताना तिला ताप चढला आणि त्यानं पाळी बदलून मागितली, तेव्हा ‘घरात बाई नाही का?’ असा प्रश्न त्याला विचारला गेला. त्यानं सांगितलं, ‘आहे, ती ठाण्याला कामाला आहे.’ खासगी नोकरीतल्या बापाला एक दिवसाचीही पितृत्व रजा देणारा कायदा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारी नोकरांना पंधरा दिवस मिळतात. माझा नवरा बाळाच्या जन्मानंतर चौथ्या दिवशी कामावर गेला.

या माणसाबद्दल मला दोन ओळी लिहायच्याच आहेत. पाळीच्या नोकरीनं त्याची झोप खाल्ली, पण लेकीला बाप दिला. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी दोन ते आठ ती त्याच्या ताब्यात असते. वरण-भात कालवून भरवणं, वेणी घालणं, लसीच्या तारखा, जुलाबात किती पाणी द्यायचं, हे सगळं त्याला येतं, कारण त्या वेळी विचारायला मी तिथे नसते. त्याचे सोबती आधी बोलायचे. आता त्यांतले दोघे आपापल्या पोरांच्या लसीच्या तारखा त्याला विचारतात.

सकाळच्या गाडीतून नेरळ ते वांगणीच्या दरम्यान रुळांच्या बाजूला वीटभट्ट्या दिसतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं तिथे येतात, पावसाच्या आधी परततात. नवरा-बायको जोडीनं विटा थापतात, बाळ झोळीत, आणि झोळीला झोका द्यायला पाच-सहा वर्षांची बहीण. तिची शाळा बुडते ती याच कामापायी; पण ते बालसंगोपन म्हणून कुठल्या हिशेबात धरलं जात नाही. आमची इमारत बांधणाऱ्या बायकांची पोरंही वाळूच्या ढिगावर खेळत असणार. 1969 मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं, तिथे मजूर बायकांची तान्ही मुलं धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी एका तंबूत पाळणाघर काढलं; त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ उभी राहिली, पुढे मुंबई आणि पुण्याच्या बांधकामांवरही गेली. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात तर असं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर एका बाईला त्यांना सांभाळण्यासाठीच नेमायचं आणि तिला इतरांएवढीच मजुरी द्यायची. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. मूल सांभाळणं आणि माती उचलणं यांना तिथे सारखाच दाम लावला होता.

खर्च कुणी उचलायचा, हा वादही जुनाच आहे. 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरण्यांतल्या बाळंतिणींना पगारी रजा देणारं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, त्यामुळे याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारनं सोसायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. मात्र तोवर मालकानं तो उचलणंही त्यांना गैर वाटत नव्हतं. 1929 मध्ये कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. जवळजवळ शंभर वर्षांनी माझ्यासारखीच्या 26 आठवड्यांच्या रजेचा पगार, ती राज्य विमा योजनेत नसेल तर, एकटा मालकच देतो. परिणाम मी पाहिला आहे. गरोदर राहण्याआधी मी एका ठिकाणी मुलाखतीला गेले होते. लग्नाला किती वर्षं झाली, पुढचा विचार काय, हे त्यांनी हिशेबाच्या कामाबद्दल विचारायच्या आधी विचारलं. ती नोकरी मला मिळाली नाही.

मागच्या महिन्यात मावशींनी पैसे वाढवून मागितले. साडेचारचे साडेपाच. बोलताना त्या माझ्याकडे न बघता अंगण झाडत होत्या. घरी येताना माझ्या डोक्यात लगेच सुरू झालं: चोवीस वजा साडेपाच, वजा पास, वजा रिक्षा. ओटीवर ज्या मांडणीनं माझं मन दुखावलं होतं, ती मीच करत होते, दोन वर्षांनी, कुणी न सांगता.

रविवारी रात्री आम्ही फ्रिजवरचा कागद बदलायला बसलो तेव्हा मी नवऱ्याला हे सांगितलं. त्यानं दुसरा कागद घेतला. वर दोघांचे पगार एकाखाली एक लिहून बेरीज केली: 53,000. त्याखाली घराचा हप्ता, त्याखाली मावशींचे साडेपाच, मग किराणा, वीज, पास, पेट्रोल. शेवटी जे उरलं ते थोडंच होतं. आधी उरायचं त्यापेक्षा हजारानं कमी. पण ‘मग हिनं नोकरी करायची कशाला’ हा प्रश्न त्या कागदावर कुठल्याच ओळीत बसत नव्हता. पैसे आता त्याच्या खात्यातून जातील, दर महिन्याच्या सातला, तो स्वतः नेऊन देईल.

मग त्यानं पहिला कागद पुढे ओढला. येता आठवडा दुसऱ्या पाळीचा. दोन ते साडेसात मावशी. खालच्या मुलीची परीक्षा आहे, समोरच्या आजी लेकीकडे पुण्याला गेल्यात. साडेसात ते आठ या ओळीपुढे त्यानं प्रश्नचिन्ह काढलं आणि मला विचारलं, ‘साहेबांना विचारून बघतेस का, पंधरा मिनिटं लवकर सोडतील का ते?’ उद्या विचारणार आहे.